गुडघ्याची पडताळणी

वजनमापांच्या निरीक्षकाला उभ्याने काम करता येत नाही, हे लोकांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, आम्ही दुकानात जातो, चहा पितो आणि शिक्का मारून निघतो. इतरांच्या चहाचं मी सांगत नाही, मी कधी प्यायलो नाही. पण तराजूची लबाडी उभ्याने दिसत नाही. वरून बघितलं तर सगळे तराजू हरिश्चंद्राचे वंशज असतात. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, दांडीच्या टोकाला फासलेलं मेण, वजनाच्या बुडातून कोरून काढलेलं शिसं बघायचं तर उकिडवं बसावं लागतं, मान खाली घालावी लागते आणि मग पुन्हा उठावं लागतं. बाजाराच्या दिवशी मी साठ-सत्तर वेळा बसायचो आणि तितक्याच वेळा उठायचो. हा आकडा मी तेव्हा काढला नव्हता. उठता येईनासं झालं, तेव्हा काढला.

इलेक्ट्रॉनिक काटे नुकतेच दुकानांतून दिसायला लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. हर्सूलच्या तलावाकडून घरी येताना स्कूटरसमोर म्हैस आली. म्हशीला काही झालं नाही. माझ्या डाव्या गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले. डॉक्टरांनी ते तारेने बांधले, प्लास्टर घातलं, पुढे ते काढलं आणि फोटो उजेडात धरून म्हणाले, "हाड उत्तम जुळलंय." उत्तम जुळलेलं हाड घेऊन मी घरी आलो. गुडघा हळूहळू वाकायलाही लागला. खाली बसता यायला लागलं. उठणं मात्र जमेना. बसलो की बसलोच. मग बायको एका बगलेत आणि धाकटा भाऊ दुसऱ्या बगलेत हात घालून मला उचलायचे, गव्हाचं पोतं उचलतात तसे.

कारण मी टेपने शोधलं. दोन्ही वाट्यांच्या वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि मांडीचा घेर मोजला. उजवी एकोणपन्नास. डावी त्रेचाळीस. घरातून सहा सेंटिमीटर मांडी नाहीशी झाली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेब मोसंबी घेऊन भेटायला आले. म्हणाले, "आराम करा. काळजी करू नका. आवक-जावकचं टेबल रिकामंच आहे. तिथं पाय लागत नाहीत." साहेबांचा स्वभाव प्रेमळ होता. ते टेबल मला माहीत होतं. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा, आणि मधल्या वेळात पंख्याकडे बघायचं. त्या टेबलावर गेलेला माणूस मी फक्त निवृत्तीच्या हारासकट उठताना पाहिला होता. मी विचारलं, "आणि फिरती?" साहेब म्हणाले, "तराजूपुढं बसून, कशालाही न धरता उठून दाखवा. फिरती तुमचीच." माझी रजा संपायला बरोबर सहा आठवडे होते.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. मला वाटलं होतं, तिथे यंत्रं असतील, यंत्रांवर आकडे असतील. तिथे एक उंच बाकडं होतं आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बारीक मुलगी होती. जुन्या शहरातली. मराठी चांगली बोलायची, पण घाई झाली की दखनी उर्दूवर यायची. तिने मला बाकड्यावर पाय सोडून बसवलं. एक तळवा मांडीवर ठेवला, दुसरा नडगीवर, घोट्याच्या जरा वर.

"आता पाय सरळ करा. मी अडवणार. माझ्या हाताला ढकला."

"किती किलोने अडवणार?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, किलो काय? तुमचा पाय मागेल तेवढं."

"म्हणजे नक्की किती?"

"पायाला माहीत. ढकला तर."

मी ढकललं. तिच्या तळव्याचं वजन मी नजरेने दोनशे ग्रॅम धरलं होतं. पाय जागचा हलला नाही. मग हलला, आणि हलला तसा तिचा हात मागे सरकला, पण सोडून नाही, रोखत रोखत. गुडघ्याच्या मधल्या टप्प्यावर माझ्या मांडीत काही नव्हतंच, तिथे तिने हात आपोआप हलका केला. पुढे जिथे ताकद होती, तिथे पुन्हा जड केला. वरती पाच अंक धरायला लावला. "अब हल्लू हल्लू खाली. एकदम सोडू नक्को." सहाव्या वेळी मांडी थरथरायला लागली तशी ती थांबली.

मी म्हटलं, "बाई, हे सगळं अंदाजपंचे चाललंय. याची पडताळणी कशी करायची?"

"माझा हात म्हणजे काटा नाही काका."

"तेच म्हणतोय मी."

तिने नियम सांगितले. दिवसातून दोन वेळा, घरच्या कोणीतरी असंच अडवायचं. आधी थोडं, रोज किंचित वाढवत. कळ आली तर थांबायचं. पाय पूर्ण सरळ होईल इतपतच रोध द्यायचा, पण द्यायचा. एरवी ती आठवड्याने बघायची, पण आता तीन आठवडे तिच्या लग्नाची रजा होती. "तोपर्यंत घरचे करतील ना नीट?" तिने विचारलं. मी म्हणालो, त्याची काळजी नको, मी वही ठेवणार आहे.

वही मी त्याच संध्याकाळी आखली. तारीख, वेळ, रोध कोणी दिला, किती वेळा, कळ आली की नाही, शेरा. सकाळची पाळी धाकट्या भावाला दिली. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर मीच त्याला शाळेत घातलेलं. वाळूजच्या कारखान्यात कामाला होता, दंड असे की सदऱ्याची बाही अडकायची. संध्याकाळची पाळी बायकोची. दोघांनाही मी बाईंनी सांगितलेलं तसंच्या तसं सांगितलं, दोनदा.

पहिल्या दिवशी आकडा आला आठ. चौथ्या दिवशी अकरा. दुसऱ्या आठवड्यात सोळा, आणि शेऱ्यात मी लिहिलं, 'सहज'. तिसऱ्या आठवड्यात वीस. मी चौकटीच्या कागदावर आलेख काढला आणि भिंतीवर लावला. भेटायला येणाऱ्याला मोसंबीची फोड मिळायच्या आधी तो आलेख बघावा लागायचा. पंचविसावर पोचलो त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "शास्त्र आहे हे. नियमितपणा पाहिजे फक्त." ती म्हणाली, "व्हय ना." आता आठवतं, ती माझ्याकडे न बघता म्हणाली होती.

अजून एक गोष्ट आता आठवते. भाऊ रोज सकाळी जमिनीवर मांडी घालून बसायचा, माझ्या पायाला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग रोध द्यायला सुरुवात करायचा. मी हे रोज बघत होतो. वहीत त्याला रकाना नव्हता.

पंचवीसचा आलेख गुंडाळून मी बाईंकडे गेलो. भाऊ सुट्टी घेऊन सोबत आला होता. बाईंच्या हातावर मेंदी अजून होती. त्या हाताने त्यांनी नडगी धरली आणि म्हणाल्या, "दाखवा."

पाय हलला नाही.

म्हणजे थोडा हलला. पहिल्या दिवशी हलला होता तेवढा. मग तिसऱ्या वेळी थरथर सुरू झाली. मी म्हणालो, तुम्ही लग्नानंतर जास्त जोर लावताय. त्या हसल्या नाहीत. टेप घेतली. डावी मांडी, खुणेवर, त्रेचाळीस. मी टेप स्वतः बघितली. टेपवर शिक्का होता.

"घरी कोण करतं?"

भावाने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"करून दाखवा."

भाऊ खाली बसला. पायाला हात लावला, कपाळाला लावला. मग तळवा नडगीवर ठेवला. मी ढकललं. पाय कसा सुरेख सरळ झाला. बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा केलं. त्यांनी आपली दोन बोटं माझ्या नडगी आणि भावाच्या तळव्याच्या मध्ये ठेवली.

"बघा काका. तुमचा पाय यायच्या आधीच यांचा हात मागे जातोय. हे अडवतच नाहीत. वाट देताहेत."

भाऊ लाल झाला. "मॅडम, थोरल्या भावाच्या पायावर जोर कसा लावायचा? पाया पडायचं ठिकाण आहे ते."

"अरे, तुम्ही पाया पडता म्हणून यांचा पाय उठत नाही!" बाई म्हणाल्या.

"आणि परत," भाऊ हळूच म्हणाला, "दादा आकडा लिहायचे. कमी आला की जेवायचे नाहीत नीट."

घरी येऊन बायकोची साक्ष घेतली. तिने विचारताच कबूल केलं. "तुमच्या पायाशी मी झोंबाझोंबी करू का? कोणी बघितलं तर काय म्हणंल? मी आपला तळवा ठेवायची, पाय चेपल्यासारखं." मी विचारलं, तीन आठवडे सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुम्ही खूश होता."

मी वीस वर्षं लोकांच्या पारड्याखालून चिंच काढली होती. गुलमंडीत एका कापडवाल्याची गजपट्टी दोन मिलिमीटरने आखूड निघाली, तर मी त्याच्यावर खटला भरला होता. आणि माझ्याच घरात, माझ्याच बाजेवर, दिवसातून दोन वेळा, खोटं माप माझ्या सहीने वहीत चढत होतं. त्यातली बारीक गोष्ट अशी, की लबाडी करणाऱ्यांना त्यातून काहीच मिळत नव्हतं. असल्या गुन्ह्याला आमच्या कायद्यात कलम नाही.

रजेचे एकवीस दिवस उरले होते.

मी भावाला हुकूम दिला: माझी शपथ आहे, जोर लाव. त्याने डोळे मिटले आणि लावला. कारखान्यात जाम झालेला खटका दाबतात तसा. मी ओरडलो. तो गुडघ्याला हात लावून माफी मागत बसला आणि त्या दिवशी कामावर गेला नाही. बायकोने एकदा छान अडवलं. त्या दिवशी आमचं तिच्या माहेरावरून वाजलं होतं. अप्रतिम रोध. पण रोज सकाळ-संध्याकाळ वेगळं कारण काढून भांडणं मला शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली. मग मी स्प्रिंगचा काटा विकत आणला, दोरीने बाजेच्या पायाला बांधला. ऑफिसात डझनभर पडले होते, पण ती सरकारी वस्तू. काट्यावर किलो स्वच्छ दिसायचे. फक्त जिथे माझा पाय दुबळा होता तिथे काटा सूट द्यायचा नाही, आणि दोरी सुटून त्याने भिंतीवर परत लावलेला आलेख फाडला.

हे सगळं माझी आई ओसरीच्या पायरीवर बसून बघत होती. तिचं माहेर मेंढरांचं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं तिने कळप राखला, लोकर कातरली. शहरात आल्यापासून तिच्याकडे राखायला काही नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे लक्ष ठेवायची. डाळ निवडता निवडता तिने सूप बाजूला ठेवलं.

"व्हा बाजूला," ती भावाला म्हणाली. "तुमच्या हातात मेंढरू दिलं असतं तर कवाच रानात गेलं असतं."

ती खाली बसली. एक हात मांडीवर, एक नडगीवर. कोणी शिकवलं नव्हतं. मेंढी कातरताना अशीच धरतात. घट्ट धरली तर पाय मोडतो, सैल धरली तर लाथ बसते.

"मार," ती म्हणाली.

माझा पाय हलेना.

"कामून रे? मार की!"

"माय, तुला पाय कसा लावू?"

मी, ज्याने घरातल्या दोघांना त्याच कारणासाठी तीन दिवस फैलावर घेतलं होतं. भाऊ दारात उभा होता. तो हसला नाही, हे त्याचे संस्कार.

आई म्हणाली, "नऊ महिने पोटात होतास तवा इचारलं व्हतं का? लई लाथा मारल्या तवा. तुझ्या दोन थोरल्या भैनींनी मिळून नाय मारल्या तेवढ्या तू एकट्यानं मारल्या. आता कुठून शानपन आलं? मार."

मी ढकललं. तिचा हात जागचा हलला नाही. मग हलला, रोखत रोखत. मधल्या टप्प्यावर तो हलका झाला, वर जड झाला. ती माझ्या पायाकडे बघतच नव्हती, रस्त्याकडे बघत होती. चार वेळा झालं. पाचव्या वेळी थरथर आली आणि तिने हात काढला.

"बाईंनी पहिल्या दिवशी सहा करून घेतले होते," मी म्हणालो.

"थरारलं की सोडायचं. मेंढरू असो का मानूस."

वहीत मी चार लिहिलं. पंचवीसच्या खाली चार. माझ्या आयुष्यातल्या कोणत्याही रजिस्टरमध्ये इतका वाईट आकडा मी स्वतःच्या हाताने चढवला नव्हता, आणि इतका खराही.

पुढचे दिवस असेच गेले. आकड्यांवरून रोज वाद व्हायचा. मी मोठ्याने मोजायचो, तिला वीसच्या पुढचे आकडे 'एक इसा आन् दोन' असे यायचे, आणि तिथवर ती मला कधी पोचू देत नव्हती. माझे आठ होत आले की ती सातावर सोडायची. मी दमलो म्हणालो की म्हणायची, "नाय दमला तू," आणि खरंच आणखी दोन व्हायचे. रोध रोज वाढत होता. किती, ते कुठेच लिहिता येत नव्हतं. रोधाच्या रकान्यात मी 'आई' एवढंच लिहायचो. बाराव्या दिवशी मांडी चव्वेचाळीस भरली. सतराव्या दिवशी मी ओसरीत उकिडवा बसलो आणि उठलो. गुडघ्यावर तळवा टेकवून, तोंड वाकडं करून, पण उठलो. बायको बगल धरायला धावली, तर आईने तिला सुपाने अडवलं.

साहेबांनी परीक्षा ऑफिसात घेतली नाही. म्हणाले, चला, गुलमंडीत खरं कामच बघतो. एका किराणा दुकानापुढे तराजू टांगलेला. मी उकिडवा बसलो. पारड्याखाली बोट फिरवलं. चिंच नव्हती. दांडी बघितली, वजनं उलटी करून बघितली. सगळं चोख. म्हणजे उठण्याखेरीज काही काम राहिलं नाही.

दुकानदार गल्ल्यावरून खाली वाकला. "साहेब, हात द्या."

ज्याचा तराजू तपासायचा, त्याचं पाणीही मी घेत नाही, हात कुठून घेणार? मी तळवा गुडघ्यावर ठेवला आणि मांडीला ढकलायला सांगितलं. मधल्या टप्प्यावर सगळं थांबलं. तिथे रोध हलका करायला कोणी नव्हतं. साहेब घड्याळ बघत होते. मग पाय सरळ झाला. मी मनात मोजलं होतं, अकरा अंक. साहेब म्हणाले, "वेळ लागतो अजून." मी म्हणालो, "तराजू पळत नाही." आवक-जावकच्या टेबलावर पुढे दुसऱ्याची नेमणूक झाली.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "बसला व्हता ना? मग उठनार नाय तर काय तिथंच दुकान टाकनार?"

बोलता बोलता तिने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलला. माझी आई डावखुरी नाही. मी उजवा हात बघायला मागितला. तिने पदराखाली घेतला. बायकोने सांगितलं, आठवडा झाला, मनगटाला चिंधी बांधतात, तुमच्या पायाशी बसायच्या आधी सोडून ठेवतात. मनगट सुजलेलं होतं. सकाळ-संध्याकाळ, अठरा दिवस, तिने माझा पाय अडवला होता, आणि माझ्या वहीत घेर फक्त मांडीचा होता.

मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं, सूज उतरू द्या, मग मूठ पालथी धरून वर उचलायची आणि असंच हळूहळू अडवायचं, घरच्याच कोणीतरी. ते काम मी घेतलं. नियम मला पाठ होते. दोन आठवड्यांनी ओसरीत तिच्यासमोर बसलो, तिच्या हाताच्या पाठीवर माझा तळवा ठेवला आणि म्हणालो, "ढकल."

तिने ढकललं. तिचं ते मनगट केवढंसं होतं. माझा हात मागे गेला. मी नेला नव्हता, गेला.

"धर की नीट," आई म्हणाली. "गेलं ना मेंढरू."